माझ्या पोटातला गोंद

माझ्या डोक्यावरची पाटी खोटं बोलते, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय. मी मियाकोनोजो गावचं धनुष्य. दोन्ही अंगांना बांबू, मध्ये लाकडाच्या पट्ट्या आणि त्या धरून ठेवणारा गोंद. बांबू-लाकडावरून आमच्याकडे कुणी भांडत नाही. भांडण गोंदाचं.

जुनी रीत हरणाचं कातडं शिजवून काढलेल्या सरसाची. तो थंडीत, कोमट ठेवून लावायचा. उकळला की मेला. थर सुतळीने आवळायचे, पाचरी ठोकून बाक आणायचा आणि मग वर्षभर धनुष्याला हात लावायचा नाही. सरस आतून वाळल्याशिवाय दोरी ओढली, तर थर सुटून तोंडावर येतात.

माझे कारागीर इवाकिरी. मला मागितलं सेतोगुची गुरुजींनी, वय शहाऐंशी. त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांना नेम शिकवला आणि तिसरीला नावं ठेवली. रासायनिक गोंदाच्या धनुष्याला ते 'प्लास्टिकची बादली' म्हणत.

जानेवारीत ते काठी टेकत आले. "इवाकिरी, एक शेवटचं करून दे. सरसाचं."

"गुरुजी, पुढच्या थंडीपर्यंत ओढता येणार नाही."

"डॉक्टर एप्रिल म्हणतोय. तुझा सरस त्याचं ऐकतो का बघ."

"मग रासायनिक गोंदाचं देतो. आठवड्यात तयार."

"मरताना बादली ओढू? कच्चं तर कच्चं. थर सुटले तर सुटू देत, एक बाण तरी सुटेल."

इवाकिरींनी तरुणपणी केलेलं पहिलं, वाकडं धनुष्य याच माणसाने विकत घेतलं होतं आणि सहा वर्षं तक्रार न करता वापरलं होतं. त्याच्या तोंडावर कच्चं धनुष्य फुटू द्यायचं?

त्यांनी दोन नळ्यांतला रासायनिक गोंद समसमान कालवला. तो गुळगुळीत लाकडाला धरत नाही, म्हणून माझ्या पट्ट्या खरवडल्या. थंडीत तो घट्ट होत नाही, म्हणून मला गोधडीत गुंडाळून शेगडीशेजारी निजवलं. वर त्या गोंदाचा दवाखान्यासारखा वास लपावा म्हणून कातड्यांचं पातेलं मुद्दाम रटरटत ठेवलं.

त्यांची बायको फुमिए नाकाला पदर लावावा तशी बाही लावून आली. "अहो, जन्मात पहिल्यांदा खोटं बोलताय, तर गल्लीभर वास कशाला?"

"वास आला नाही तर त्यांना कळेल."

"आणि तुम्हाला कळतंय, त्याचं काय?"

इवाकिरी पातेलं ढवळत राहिले.

मार्चच्या अखेरीस दोघा शिष्यांनी दंड धरून गुरुजींना धनुर्शाळेत उभं केलं. त्यांनी मला ओढलं. बाण निम्म्या वाटेवर गवतात पडला, पण दोरी छान वाजली. गुरुजींनी डोळे मिटले. "ऐकलंस? हा सरसाचा आवाज. बादली असं बोलेल?"

"नाही, गुरुजी," इवाकिरी म्हणाले.

चेरीचा बहर ओसरायच्या आत ते गेले. मला काचेच्या कपाटात ठेवून शिष्यांनी पाटी लावली : 'सरसाचं धनुष्य. कच्चं असताना गुरुजींनी ओढलं. दोरी चढवू नये.'

गुरूचं कौतुक करावं, पण त्याचं अनुकरण करण्याआधी चौकशी करावी. पुढच्या वर्षी नागातोमो नावाचा पोस्टमन दोन महिन्यांचं सरसाचं धनुष्य घेऊन धनुर्शाळेत उभा राहिला. इवाकिरी धावत आले.

"ओढू नकोस. गुरुजींचं धनुष्य सरसाचं नव्हतं. मी फसवलं त्यांना."

मग एक ज्येष्ठ शिष्य मवाळपणे म्हणाला, "काका, वय झालं तुमचं. गुरुजींच्या कानाला कळलं नसतं का?"

नागातोमोने दोरी ओढली. थर सुटले. गालाला अकरा टाके पडले आणि डावा डोळा गेला. शिष्यांचं मत पडलं, की त्याची गुरुजींसारखी साधना नव्हती.

त्यानंतर इवाकिरींनी ना सरस तापवला, ना नळी पिळली. दर महिन्याला फळं घेऊन ते नागातोमोकडे जातात. येताना माझ्यासमोर थांबतात. काचेत त्यांचा चेहरा माझ्यावर पडतो.

पावसाळ्यात शिष्य माझ्या कपाटात कोळसा ठेवतात, दमट हवेने सरस विरघळून माझे थर सुटू नयेत म्हणून. हल्ली आणखी कुणी तरी सरसाचं कच्चं धनुष्य ओढायचं म्हणतोय.

त्याआधी कपाट उघडा. मला भर पावसात रात्रभर अंगणात टाका आणि सकाळी दोरी चढवून ओढा. मी सुटणार नाही. इवाकिरींच्या बाजूने द्यायला माझ्याकडे एवढीच साक्ष आहे.