दोन ऐच्छिक विषय

"ताई, असं कसं चालेल? विषय निवडायचाय, स्थळ नाही," सर म्हणाले आणि संगणकाच्या वर्गातली सगळी पोरं हसली.

तीही हसली. वर्गात वयानं सगळ्यांत मोठी तीच. सर स्वतःसुद्धा तिच्याहून बरेच लहान. सक्तीच्या दोन्ही परीक्षा ती पहिल्याच फटक्यात पास झाली होती. आता पाचांतले दोन ऐच्छिक विषय घ्यायचे, त्यांच्या परीक्षा द्यायच्या, की प्रमाणपत्र हातात. बाकीच्यांनी आपापले विषय चहा मागवावा तसे सांगून टाकले होते. ती मात्र पुन्हा "उद्या सांगते" म्हणाली होती.

वर्ग सुटल्यावर सर तिच्या बाकाशी आले.

"तुमचं तर सोपं आहे. नेटवर्क घ्या. तुमचा हात बसलाय त्यावर."

ते खरंच होतं. ती एका शाळेच्या संगणक विभागात होती. विभाग म्हणजे ती एकटीच. तिथल्या सगळ्या तारा तिनं स्वतः ओढलेल्या. भिंतीमागून कुठली तार कुठं निघते, हे तिला स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं पाठ होतं. शिक्षक तिला 'पासवर्ड मॅडम' म्हणत, कारण सुट्टीवरून परतलेला प्रत्येक जण आधी आपला पासवर्ड विसरलेला असे आणि मग तिची आठवण काढत असे. एखाद्या वर्गातलं बंद पडलेलं यंत्र तार नीट बसवताच हिरवा दिवा लावून जागं झालं की तिला अजूनही मनापासून आनंद होई.

"सर, एक विचारू?" तिनं एका लांबच्या शहराचं नाव घेतलं. "तिथं कशाला मागणी आहे?"

"तिथं?" सरांनी जरा विचार केला. "तिथं सगळी हॉस्पिटलं आणि विम्याची ऑफिसं. म्हणजे बॅकअप आणि सुरक्षा. पण ते तुमचे विषय नव्हेत. सुरक्षेच्या तासाला तुम्ही जांभया देता, बघितलंय मी."

"मग तेच दोन लिहा."

"आवडीचं सोडून? असं कोण आहे तिथं?"

"मुलगी," ती म्हणाली.

सरांनी मान डोलावली. दोन्ही विषय लिहून घेतले.

नवऱ्याशी फारकत झाली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. भांडणतंटा असा काही झाला नव्हता. दोघंही थकून बाजूला झाले होते. त्याची नोकरी त्या शहरात होती, तिथं मुलीची शाळा होती, मैत्रिणी होत्या. हिच्या हाताला तेव्हा काम नव्हतं आणि आईचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं. "दोन वर्षं राहू दे माझ्याकडे, तुझं बस्तान बसलं की ने," तो म्हणाला होता, आणि मनापासून म्हणाला होता. पण शाळा आवडत गेली, इयत्ता वाढत गेल्या. त्यानं दुसरं लग्न केलं. मुलगी त्या बाईला 'मावशी' म्हणू लागली. मावशी वाईट नव्हती. वाईट असती तर निदान मनातल्या मनात भांडता तरी आलं असतं.

विषय ठरल्यावर ती पहाटे उठून पुस्तक घेऊन बसू लागली. बॅकअपचा विषय जमत गेला, पण सुरक्षेचं पान उलटलं की आधीचं पान डोक्यातून पुसलं जाई.

"एवढा अभ्यास दहावीला केला असतास तर आज कुठल्या कुठं असतीस," आई अंथरुणातूनच म्हणायची.

"दहावीला मला कुठं जायचं नव्हतं."

"आणि आता माझी मुलगी मला टाकून तिच्या मुलीकडे चाललीय. चालायचंच. पाणी उताराकडेच जाणार." असं म्हणून आई कूस बदलायची. पण थोड्या वेळानं उठायची आणि न बोलता चहाचा कप पुस्तकाशेजारी आणून ठेवायची.

मुलीचा फोन रविवारी सकाळी यायचा. एकदा तिनं धीर करून सांगितलं,

"ढमे, मी तुमच्या गावात नोकरी बघतेय."

 "ढमी म्हणू नकोस ना आई. किती लहान वाटतं." आणि मग, "कायमची येणार?"

"हो. मिळाली तर."

"मग मी कुठं राहायचं?"

हा प्रश्न ती स्वतःला रोज विचारत आली होती. मुलीच्या तोंडून तो आला तेव्हा मात्र त्यात आनंदही नव्हता आणि नाराजीही; नुसती भीती होती.

"तुला हवं तिथं."

"म्हणजे मी ठरवायचं? आत्ता?"

"नाही गं राणी. परीक्षा माझी आहे, तुझी नाही."

मुलगी हसली. तिचं हसू आता खालच्या पट्टीत गेलं होतं, बाईमाणसासारखं. कधी बदललं, कोण जाणे.

बॅकअपच्या परीक्षेत ती पास झाली. सुरक्षेत नापास झाली. निकालाच्या पडद्याकडे बघत ती बसून राहिली, तेव्हा सर म्हणाले, "अजूनही विषय बदलता येतो. नेटवर्कची परीक्षा तर तुम्ही झोपेतसुद्धा पास व्हाल. इथल्या इथं चांगली नोकरी लागेल."

शाळेतही तेच चाललं होतं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "तुम्ही गेलात तर आम्ही सगळे दाराबाहेर उभे राहू हो, आपापला पासवर्ड आठवत." तिला वाटलं, बदलावा का विषय? इथं मान आहे, आई आहे. तिथं कोणी बोलावलेलंही नाही. दोन दिवस तिनं पुस्तक उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी फोनवर मुलगी बोलता बोलता म्हणाली, "अगं, मावशीनं केस कापून आणले माझे. खांद्यापर्यंत." ती "अरे वा" म्हणाली, फोन ठेवला आणि सुरक्षेचं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं.

दुसऱ्या खेपेला पास झाली. काठावर, पण झाली.

त्या शहरातल्या एका हॉस्पिटलच्या संगणक विभागात तिला काम मिळालं. रुग्णांच्या नोंदी रोज नीट साठवल्या गेल्या की नाही, हे बघायचं. तारांना हात लावायचा नाही. तारांचं खातं वेगळं होतं. आईला भावाकडे पोचवताना आई रडली नाही. "पोचलीस की फोन कर," एवढंच म्हणाली आणि तिच्या पिशवीचा बंद उगीचच पुन्हा बांधून दिला.

नव्या शहरात तिनं एक खोली घेतली. एक खाट, एक शेगडी, रस्त्याच्या बाजूला खिडकी. पहिल्याच रविवारी मुलगी आली. एकटीच, बसनं. दारात उभी राहिली तेव्हा उंची आईएवढीच भरली. दोघींनी मिठी मारली, पण कुणाचा हात वर आणि कुणाचा खाली, हे पटकन जमलं नाही.

"छान आहे खोली," मुलगी म्हणाली. खाटेच्या कडेला बसली. जरा वेळानं म्हणाली, "पाणी घेऊ?"

"अगं, विचारतेस काय?" तिच्या तोंडून जरा मोठ्यानंच गेलं.

"सॉरी."

"सॉरी काय त्यात!"

मग दोघी जेवल्या. मुलगी शाळेचं बोलली, एका शिक्षिकेची नक्कल केली. ती पोट धरून हसली, जरा जास्तच. भाजी वाढायला गेली तर मुलगी म्हणाली, "मी हे खात नाही आता." ती म्हणाली, "बरं," आणि वाटी स्वतःच्या ताटात रिकामी केली.

जेवण झाल्यावर मुलगी घड्याळाकडे बघेल असं तिला वाटलं. पण मुलगी खाटेवर जरा मागं सरकली, भिंतीला टेकली, आणि बोलता बोलता मान कलंडून झोपून गेली.

लहानपणी मुलगी तिच्या पोटावर पाय टाकून झोपायची. आता प्रवासात झोपावं तशी कडेला, हातपाय आखडून झोपली होती. अंगावर काही घालावं तर जाग येईल, म्हणून ती नुसतीच बघत बसली. नाक तेच होतं. भुवईजवळचा व्रण तोच. खांद्यापर्यंतचे केस मात्र तिला चांगले दिसत होते, हे मान्य करावं लागलं.

मुलीचा फोन थरथरला. तिनं झटकन उचलला. मुलीचे वडील होते.

"झोपलीय ती," ती हलक्या आवाजात म्हणाली. "उठली की बसमध्ये बसवून देते."

"झोपलीय?" तो म्हणाला. "आमच्याकडे दुपारची कधीच झोपत नाही."

तिनं झोपलेल्या मुलीकडे पाहिलं.  मग तोच म्हणाला, "झोपू दे. घाई नाही."

तिनं फोन ठेवला. ऊन सरकत मुलीच्या चेहऱ्यावर आलं होतं आणि तिच्या पापण्या हलायला लागल्या होत्या. खिडकीला अजून पडदा नव्हता. ती आवाज न करता उठली, खिडकीकडे पाठ करून उभी राहिली आणि तिची सावली मुलीच्या डोळ्यांवर पडली. पापण्या पुन्हा शांत झाल्या. ऊन जसं सरकेल तशी तीही थोडी थोडी सरकत राहिली.