कॅनॉलपर्यंतची शेते

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. ज्या वर्षी बजरंगने हडपसरला नवे घर बांधून वास्तुशांत केली, त्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, मी या घरात आलो. तीर्थाचे चार थेंब माझ्याही डोक्यावर पडले. आत पाणी जाते की काय, या विचाराने पहिल्याच दिवशी माझा जीव घाबरा झाला.

मला आणले होते बजरंगच्या मुलीसाठी, ऋतुजासाठी. शाळेचा आणि कॉलेजचा तिचा सगळा अभ्यास माझ्यावर झाला. मग तिला नोकरी लागली, कंपनीने लॅपटॉप दिला आणि माझ्यावर भरतकामाचा रुमाल पडला. दोन वर्षे मी त्याखाली होतो.

तो रुमाल काढला ऋतुजाच्या आजीने, मथुराबाईंनी. त्या साठी उलटल्यावर अक्षरे शिकल्या. पेन धरला की त्यांचा हात कापे. पण कळ दाबली की अक्षर सरळ उमटते, याचे त्यांना फार अप्रूप वाटले. ऋतुजाने एक मराठी फॉन्ट घालून दिला आणि कळांवर अक्षरांचे कागद चिकटवले. त्या एका बोटाने लिहू लागल्या.

लिहीत काय होत्या? गावच्या शेतांची नावे. शेते आता राहिली नाहीत, तिथे इमारती आहेत. नावे फक्त त्यांच्या यजमानांना, दत्तोबांना, ठाऊक होती. दत्तोबा डोळे मिटून ओढ्यापासून निघत आणि मनातल्या मनात बांधाबांधाने चालत. वडाचा मळा, ढोरवाट, दगडी ताल. मध्ये कोणी बोलले की वाट मोडे आणि त्यांना पुन्हा ओढ्यावर जावे लागे.

"अहो, सासूचा तुकडा का म्हणत्यात याला?" मथुराबाई विचारत.

"सासूनं मरंपर्यंत जावयाला दिला नाय म्हणून. लिही गुमान."

असे ते आनंदाचे दिवस होते. पण गेल्या ऑक्टोबरात माझ्या आत जी प्रणाली चालत होती, तिची देखभाल कंपनीने थांबवली. पडद्यावर सूचना येऊ लागल्या. घरात चर्चा सुरू झाली.

"भंगारात द्या की," बजरंग म्हणाला. "दिवाळीला नवा आणू."

"बाबा, मशीनला काय झालंय? आतली सिस्टिम बदलून लिनक्स टाकू. फुकट आहे, जुन्यावर मस्त पळतं."

"फुकटचं कुणी नीट करून देतं का?"

दत्तोबांनी विचारले, "मालक कोण त्याचा?"

"तसा कुणीच नाही, आबा. सगळ्यांचंच. कुणीही वापरायचं, सुधारायचं."

"म्हंजी गायरान."

"हो, तसंच!"

"आपलं गायरान बी सगळ्यांचंच हुतं. आता तिथं पार्किंग हाय."

ऋतुजा हसली, पण मी गोंधळलो. कोणाचे खरे मानावे? आतले सगळे बदलल्यावर जो जागा होईल, तो मीच असेन का? की माझे फक्त खोके उरेल? 

ऋतुजाने आधी पेनड्राइव्ह लावून नवी प्रणाली चालवून पाहिली. मी झरकन जागा झालो. इतका हलका मी तरुणपणीही नव्हतो. पण तिने आजीची फाइल उघडली आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे सांडली.

"अगं, माझी शेतं कुठं गेली?" मथुराबाई पडद्याजवळ वाकून म्हणाल्या.

"आहेत गं, आजी. नुसता फॉन्ट नाहीये. शनिवारी बसते मी. मी कॉपी घेतलीय, पण नंतरचं त्यात येणार नाही. तोवर नवीन काही टाइप करू नकोस हं."

शनिवारी तिला ऑफिसचे काम निघाले. पुढच्या शनिवारी बजरंगने नव्या संगणकाचा विषय काढला. दिवाळी गेली. मथुराबाईंना कधी नवे बरे वाटे, तर कधी शेते हरवण्याची धास्ती वाटे. रोज संध्याकाळी दत्तोबा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसत.

"मथुरे, बसायचं का? कॅनॉलपाशी उभा हाय मी."

"थांबा हो, अजून ठरलं नाय त्यांचं."

ते जरा वेळ डोळे मिटून बसत आणि उठून जात.

शेवटी ऋतुजा बसली, ती डिसेंबर संपता संपता. तोच लहानसा मराठी फॉन्ट तिने नव्या प्रणालीत टाकला. पाच मिनिटेही लागली नाहीत. सगळी शेते जशीच्या तशी उभी राहिली. मथुराबाईंनी एकेक नाव बोट लावून वाचले. कॅनॉलपाशी त्यांचे बोट थांबले.

"पलीकडं काय हुतं गं?" त्यांनी विचारले. ऋतुजाला सांगता आले नाही. मलाही नाही.

मित्रांनो, चूक कोणाची, हे मला अजून कळत नाही. फाइल हरवू नये म्हणून ऋतुजाने थांबवले, त्यात तिचे काय चुकले? पण तेवढे दिवस कोणी एखादी वही घेऊन दत्तोबांजवळ बसले असते तरी चालले असते. ते कोणाच्याच ध्यानात आले नाही. तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी जुने असेल, तर त्याला सांभाळा किंवा बदला, तुम्हाला पटेल ते करा. पण तुमचे ठरेपर्यंत सांगणाऱ्या माणसाला थांबवून ठेवू नका.

दत्तोबा ११ डिसेंबर २०२५ रोजी, गुरुवारी सकाळी, वारले.