उसनवारी

"दोघांतला एक सांगा काका. फक्त एक," असं म्हणत प्रशिक्षकांनी दाराला आतून कडी लावली आणि ते मालिशच्या टेबलावरच बसले.

मालिशवाले काका टॉवेलच्या घड्या घालत होते. त्यांचा हात थांबला. फुटबॉल क्लबाच्या मैदानावर, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या या खोलीत त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. हे सहावे प्रशिक्षक. आधीच्यांपैकी कुणी पाठ दुखते म्हणून आलं, कुणी मान धरली म्हणून. सल्ला मागायला कुणीच आलं नव्हतं.

"त्या गिरणीच्या गावातल्या क्लबाला मधल्या फळीत एक पोरगा हवाय," प्रशिक्षक सांगू लागले. "लोनवर, म्हणजे उसना. सीझन संपेपर्यंत. आपल्याकडे मास्तर आहे आणि डावऱ्या आहे, दोघंही एकोणीसचे. आपले जुने तिघं अजून धडधाकट आहेत, म्हणजे या दोघांना वर्षभर राखीव म्हणून बाकावरच बसायचंय. अध्यक्ष म्हणतात, दोघंही ठेवा, घरचं सोनं बाहेर कशाला. सेक्रेटरी म्हणतात, दोघंही पाठवा. मी म्हणतो, एक पाठवू."

"साहेब, मला फक्त पाय कळतात."

"पायांचंच विचारतोय. तिथलं मैदान म्हणजे नुसती ढेकळं. कुणाचा पाय टिकेल? मला येऊन पाच महिने झाले. तुम्ही या दोघांना बारा वर्षांचे असल्यापासून बघताय. उद्या सकाळपर्यंत सांगा."

प्रशिक्षक गेले. काकांनी घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.

दुपारी सरावानंतर दोघं पोरं आली. मास्तर आधी टेबलावर आडवा झाला. मैदानावर बोट दाखवून दाखवून तो मोठ्यांनाही कुठे उभं राहायचं ते सांगायचा, म्हणून त्याचं नाव मास्तर. त्याच्या कानावर सगळं आलेलं होतं.

"मला पाठवा म्हणावं काका. इथे बसून बसून मीच बाक व्हायचो. तिथे निदान घाम तरी येईल."

"आणि तुला तिथे ठेवूनच घेतलं तर?"

"घेऊ दे की. खेळायला मिळतंय ना?"

तो बोलत होता आणि काका त्याचा उजवा घोटा हातात धरून हळूहळू फिरवत होते. घोटा सैल होता. दोन वर्षांपूर्वी मुरगळला तेव्हापासूनच सैल. ढेकळांवर तो किती दिवस तग धरणार?

मग डावऱ्या आला. डाव्या पायाने खेळणारा, कमी बोलणारा. पाय दगडासारखे मजबूत. पण लोनचा विषय निघाला आणि काकांच्या हाताखाली त्याची पोटरी घट्ट झाली.

"काका, एकदा पाठवलं की परत बोलवत नाहीत म्हणतात. खरंय का?"

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

काका दुसऱ्या पोटरीला तेल लावत जुनी पोरं आठवू लागले. एक गोलकीपर वर्षभर बाहेर राहून आला आणि पुढे सहा वर्षं कप्तान होता. एकाला तीन वर्षांत तीन क्लबांत फिरवलं, तो आता टायरच्या दुकानात असतो. भेटला की हसतो, पण फुटबॉलचं नाव काढत नाही. आणि एकाला कुठेच पाठवलं नाही. चार वर्षं तो बाकावर बसला. गुडघे नव्यासारखे राहिले, पण पोराची खेळायची हौसच मेली. काका मनात एकेक पोरगा आणून बघत होते. जाणाऱ्याचं भलं होतं म्हणावं, तर टायरवाला आडवा येत होता. राहणाऱ्याचं भलं होतं म्हणावं, तर हा बाकावरचा.

घरी बायको शाळेच्या गणवेशांना काजं करत बसली होती. काकांनी जेवताना सगळं सांगितलं.

"उसनं देणार?" ती म्हणाली. "अहो, माणूस म्हणजे काय वाटीभर साखर आहे का, शेजारी द्यायला आणि नंतर परत मागायला?"

"तिथे खेळेल तरी. इथे गंजेल."

"मग पाठवा."

"आणि तिथे पाय मोडला तर?"

"मग नका पाठवू. मला विचारता कशाला, तुमचं तुम्हाला कळतंय ना?"

कळत नव्हतं, तेच तर दुखणं होतं. काकांना उगीच आपलं लहानपण आठवलं. दहा वर्षांचे असताना आईने त्यांना मामाकडे धाडलं होतं, 'एका वर्षासाठी.' ते अकरा वर्षं राहिले. मामा हाडं बसवायचा, मालिश करायचा. त्याच्याकडूनच हे हात मिळाले, पोटाला लागलं. पण सुट्टीत घरी गेलं की धाकटा भाऊ ओरडत आत जायचा, 'आई, पाहुणा आला.' आईच्या म्हातारपणी त्यांनी तिला एकदा विचारलं होतं, मला पाठवलंस ते बरं केलंस का गं? आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला काय ठाऊक बाबा. तू त्या दिवशी जेवून निघाला होतास का, तेवढंच मी आठवत असते."

सकाळी काका जिना चढून प्रशिक्षकांच्या खोलीत गेले तेव्हा मास्तरचं नाव सांगायचं ठरलेलं होतं. ज्याला जायचंय त्याने जावं, सरळ हिशोब. पण दारात उभं राहिल्यावर तोंडातून आलं, "डावऱ्याला पाठवा. मास्तरचा घोटा तिथे टिकायचा नाही."

"नक्की?"

"पायांपुरतं विचाराल तर नक्की."

जिना उतरताना त्यांना वाटलं, घोटा सैल आहे हे खरंच. पण मास्तरच्या बडबडीशिवाय खोली सुनी वाटली असती, हेही त्यात कुठे होतं की काय? ते मधल्या पायरीवर थांबले, विचार केला. काही उलगडलं नाही, म्हणून कामाला लागले.

डावऱ्या दोन दिवसांनी गेला. निरोप घ्यायला आला, पण दारातच उभा राहिला. "येतो काका," एवढंच म्हणाला.

पुढच्या सहा महिन्यांत तो तिकडे अठरा सामने खेळला. पेपरात बारीक अक्षरांत त्याचं नाव यायचं, बायको ते शोधून दाखवायची. इकडे मास्तर सगळे मिळून चाळीस मिनिटं खेळला. आणि एका सकाळी, आजूबाजूला कुणी नसताना, इथल्या गालिच्यासारख्या मऊ हिरवळीवर नुसतं वळताना त्याचा घोटा गेला. काकांनी बूट कापून काढला. मास्तर एक शब्द बोलला नाही. तो न बोलणारा मास्तर काकांना ओळखू येईना.

"तुम्ही बरोबर सांगितलंत," प्रशिक्षक नंतर म्हणाले. "तिथे तर पहिल्याच आठवड्यात गेला असता."

"इथेही गेलाच की साहेब."

प्रशिक्षक शिट्टी गळ्यात अडकवून मैदानाकडे गेले.

सीझनच्या शेवटी गिरणीच्या गावचा संघ कपच्या सामन्यासाठी इथे आला. लोनवर दिलेल्या पोराने मूळ क्लबाविरुद्ध खेळायचं नाही, असा नियम होता. तरी डावऱ्या त्यांच्या बसमधून आला. सामन्याला पाऊण तास असताना तो काकांच्या खोलीत आला, साध्या कपड्यांत.

"गेटवर पास मागितला मला," तो म्हणाला. "नवीन माणूस आहे तिथे."

"बस ना."

तो टेबलाच्या कडेला बसला. अंगाने भरला होता, हनुवटीखाली टाक्यांची खूण होती. मास्तरचं विचारलं. मास्तर काठी घेऊन चालतो, पुढच्या वर्षी बघू म्हणतो, असं काकांनी सांगितलं. मग ते हात पुसत म्हणाले, "तुझं नाव मी दिलं होतं."

"ठाऊक आहे. साहेबांनीच सांगितलं होतं जाताना."

"रागावला असशील."

"पहिले दोन महिने खूप. रोज ठरवायचो, तुमच्याशी बोलायचंच नाही. मग खेळायला लागलो." तो थोडा थांबला. "आता राग आहे की नाही, तेच कळत नाही. तिथे लोक 'आपला पोरगा' म्हणतात. ते मला आणखी एक वर्ष मागताहेत. इथे साहेब म्हणतात, परत ये, पण जागेचं आत्ता सांगता येणार नाही. तिकडे जाऊ की इथे राहू, तुम्हीच सांगा काका."

काकांनी हातातला टॉवेल खुंटीला लावला. वर पायऱ्यांवर लोकांच्या पावलांचा आवाज वाढत चालला होता.

"मला नाही सांगता यायचं," ते म्हणाले. "तेव्हाही सांगता येत नव्हतं. आलं तोंडात ते बोललो."

डावऱ्याने मान हलवली. त्याला बरं वाटलं की वाईट, चेहऱ्यावरून समजलं नाही. तो उठला, काकांच्या पायाला हात लावून निघाला.

काका औषधांची पेटी घेऊन मैदानाच्या कडेला, बाकाच्या टोकाशी जाऊन बसले. दोन्ही संघ रांगेत आले. शिट्टी व्हायच्या आधी त्यांनी एकदा मागे वळून वर पाहिलं. डाव्या हाताला आपले लोक होते, उजव्या हाताला बसमधून आलेले. मधल्या जिन्यावर डावऱ्या कठड्याला टेकून उभा होता. येणारे-जाणारे त्याला "जरा सरक" म्हणत होते आणि तो प्रत्येकाला अंग चोरून वाट देत होता.