दादाच्या अंगठ्याचा चढ

माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या अंगठ्याची प्रगती आमच्या फ्रिजच्या दारावर चिकटवलेली असे. दादा घड्याळे दुरुस्त करतो. भिंतीवरचे एक जड घड्याळ उतरवताना त्याची काच फुटली आणि अंगठा वाकवणारी शीर तुटली. शीर शिवली, जखम भरली. पण अंगठा वाकायचेच विसरून गेला. तो किती अंश वाकतो हे व्यायाम शिकवणाऱ्या बाई दर आठवड्याला मोजत, आणि मी तो आकडा घरच्या संगणकावर स्प्रेडशीटमध्ये भरून चार्ट छापत असे. चार्टच्या कडेचे आकडे मी पहिल्याच आठवड्यात पुसून टाकले होते. त्या गर्दीत निळी रेघ मला केविलवाणी वाटे.

बोलणे मला जमत नाही. दादा मला मौनीबाबा म्हणतो. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून धीराचा एक शब्द मला सुचला नव्हता. ती रेघ म्हणजे माझे उशिरा सुचलेले बोलणे होते.

त्या शनिवारी मी नवा कागद दारावर लावला आणि बाजारात गेलो. परत आलो तेव्हा व्यायामाचा रबरी चेंडू कचऱ्याच्या टोपलीत होता आणि दादा खिडकीशी पाठ करून बसला होता. दुकानाच्या मालकांनी सोमवारपर्यंत उत्तर मागितले होते: त्याचे टेबल त्याच्यासाठी ठेवायचे, की नव्या कारागिराला द्यायचे. द्या म्हणून सांगतो, असे त्याने वहिनीला चहा पिताना सांगून टाकले होते. इतक्या साधेपणाने, की साखर कमी पडली म्हणत असावा.

वहिनीने मला पाखरासारखे अलगद स्वयंपाकघरात ओढले.

"भाऊजी, तुम्ही यांना काय छापून दिलंत?"

अंगठा दोन अंशांनी सुधारला आहे, तेच छापले, असे मी म्हणालो.

"मग कागदावर उतरलाय कसा?"

तेव्हा मला कळले की दादा दर आठवड्याला डाव्या हातात कॅलिपर धरून रेघेचे टोक तळापासून किती वर गेले ते मोजत असे. घड्याळातल्या दातेरी चाकाची जाडी ज्याने मोजायची, त्याच हत्याराने. वहिनीला ती त्याची गंमत वाटायची. मला तर ठाऊकच नव्हते. गेल्या आठवड्याचा कागद मी नव्या कागदाशेजारी धरला. बाईंनी दिलेला आकडा वाढला होता आणि कागदावरची रेघ बुटकी झाली होती.

मी संगणकापुढे बसलो. चार्ट पोटभर जेवून लवंडलेल्या माणसासारखा पसरला होता. त्याचा कोपरा धरून वर ओढला, तर रेघ ताठ उभी राहिली. कडेने ओढला, तर पुन्हा आडवी झाली. शेजारच्या रकान्यातले आकडे मात्र ढिम्म हलले नाहीत. दोन्ही वेळा मी खरेच बोलत होतो, आणि दोन्ही वेळा वेगळे बोलत होतो.

मग उलगडले. सगळ्या नोंदी पडद्यावर एकदम दिसाव्यात म्हणून मी सकाळी ओळींची उंची कमी केली होती. चार्ट त्या ओळींवरच बसलेला. त्या आक्रसल्या तसा तोही आक्रसला. एवढ्यावर भागले असते तर बरे. पण बाईंचे लांबलचक शेरे बसावेत म्हणून मध्यंतरी मी ओळी उंच केल्या होत्या, तेही आठवले. त्याच आठवड्यात दादा संध्याकाळभर शीळ घालत घरात फिरला होता.

ओळी हलल्या तरी चार्टने हलू नये, आकारही बदलू नये, अशी सोय सेटिंगमध्ये सापडली. पण आधी आकार ठरवायला हवा होता. कोणता?

"थोडा उंचच ठेवा ना," वहिनी मागून हळूच म्हणाली. "कुणाचं काय जातंय?"

माझा हात कोपऱ्यावर गेला. रेघ उभी राहू लागली, सुंदर दिसू लागली, आणि मागे दादाचा श्वास ऐकू आला.

"सकाळी आडवा होतो. आता उभा कसा राहिलो?"

मी सगळे सांगितले. इतके सलग मी त्याच्याशी कधी बोललो नसेन. त्याने मला रेघ एकदा निजवायला लावली, एकदा उठवायला लावली.

"म्हणजे मध्यंतरी मी शीळ घालत होतो, ती तुझ्या ओळींच्या जिवावर."

"हो."

"आणि आजचं तोंड पाडणंही."

"हो."

"मग यात मी कुठे आहे, मौनीबाबा?"

मी पुन्हा चार्टचा कोपरा धरला. पहिल्या आठवड्यात चार्ट जेवढा होता तेवढा केला, कारण तेव्हा त्याच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती. तो तसाच बांधून टाकला, आणि प्रत्येक आठवड्याचा कागद त्याच मापात पुन्हा छापला.

दादाने ते जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले आणि कॅलिपर लावत गेला. शिळेच्या आठवड्यात रेघ जागची हललीच नव्हती. मध्येच एकदा खरोखर उतरली होती, पण तेव्हा ओळी आणखी उंच झालेल्या, म्हणून आम्हा कुणालाच दुःख झाले नव्हते. आजची केसभर वर होती. त्या केसावर कॅलिपर धरून तो बराच वेळ वाकून राहिला. वहिनी ओट्याशी एकच पेला पुन्हा पुन्हा पुसत होती.

मग त्याने मालकांना फोन लावला. टेबल ठेवा, म्हणाला. कधी येणार, असे तिकडून विचारले असावे.

"ते मला सांगता येणार नाही," दादा म्हणाला. "खोटं कशाला सांगू? पण ठेवा."

फोन ठेवून तो खोलीत गेला. जाताना टोपलीतला चेंडू घेतला की नाही, ते दाराच्या आडून मला दिसले नाही. मी एक ओळ उगाच उंच करून पाहिली. चार्ट हलला नाही. रबरी चेंडू दाबल्याचा आवाज होत नसतो, हे मला माहीत आहे. तरी मी कान देऊन बसून राहिलो.