शंभरपैकी शंभर

राओ देहाय म्हणजे जन्मभर लेथवर काम केलेला माणूस. केसाएवढा फरकही त्याच्या बोटांना कळायचा. पण नर्स गे प्रश्न विचारायला बसली, तेव्हा पहिल्याच प्रश्नाला त्याने बिनदिक्कत थाप मारली.

गे चीनमधल्या शेनयांग शहराच्या त्या जुन्या कामगार वसाहतीत घरोघर फिरत होती. घरात स्मृतिभ्रंश झालेलं माणूस सांभाळणाऱ्यांना स्वतःची कितपत खात्री वाटते, ते तिला शून्य ते शंभरात मोजायचं होतं. बायकोने तेच तेच दहादा विचारलं तर न चिडता उत्तर द्याल? शंभर. ती अंघोळीला नाही म्हणाली तर समजूत काढाल? शंभर. कुणाला तरी दिवसभर तिच्याजवळ बसवून स्वतः विश्रांती घ्याल? तेही शंभर.

कारण समोर निंग, त्याची मुलगी, बसली होती. ती दालियानहून आली होती ती आईला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवूनच. देहायचं म्हणणं एकच होतं: बेचाळीस वर्षं संसार केला, आता लानला परक्यांच्या हाती देणार नाही.

"काका, सगळीकडे शंभर कुणी देत नाही," गे हळूच म्हणाली. "कमी सांगितलंत म्हणून आम्ही नापास नाही करत."

"आहे तेच सांगतोय, पोरी. लिही तू."

लान खिडकीशी कोबीची पानं सुटी करत बसली होती. हात गुंतलेले राहावेत म्हणून देहायच तिला हे काम द्यायचा. पाहुणीला काही द्यावं असं तिच्या मनात आलं असावं. ती उठली आणि एक पान घेऊन तिने हात पुढे केला. बाही वर सरकली. मनगटाभोवती काळानिळा वळ होता.

निंगने आईचा दुसरा हात धरून पाहिला. तिथेही तसाच.

"बाबा, हे काय आहे?"

मग देहायने सांगितलं. हिवाळ्यात तो भाजी आणायला गेला असताना लान सपाता घालून बर्फात निघून गेली होती. तीन तासांनी सापडली ती त्यांच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकाशी. तेव्हापासून बाहेर जाताना तो तिचे हात खुर्चीला बांधून जायचा. टॉवेल मऊच घेतला होता, पण ती ओढायची. एकदा आपण तिच्या थोबाडीत मारली, हेही त्याने कुणी न विचारता सांगून टाकलं.

"शेवटच्या प्रश्नाला शून्य लिही," तो नर्सला म्हणाला. "कुणाला बोलावणार होतो मी?"

"मला बोलवायचं होतं ना," निंग म्हणाली.

"तू आलीस की तिला न्यायचीच गोष्ट काढायचीस."

गेने आधीचे आकडे खोडले आणि सगळे प्रश्न पुन्हा विचारले. या खेपेला तिसाच्या वर एकही गेला नाही.

पुढच्याच आठवड्यात देहायने स्वतः लानची पिशवी भरली. वृद्धाश्रमाच्या दारात तिने त्याची बाही धरली.

"दादा, माझा नवरा पाळीवरून सुटला की त्याला सांगा, मी इथे आहे म्हणून."

"सांगतो," तो म्हणाला.

घरी येऊन तो कपडे न बदलताच आडवा झाला आणि सलग अकरा तास झोपला. दोन वर्षांत इतकी गाढ झोप त्याला लागली नव्हती. जाग आल्यावर त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या झोपेची.