चरबीची साक्ष

ताईंचा वजनकाटा तीन आठवडे एकाच आकड्यावर धरणं धरून बसला होता. घरात त्याचं कारण सगळ्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं: ताई चोरून खातात.

ठरवण्यात भावजय सगळ्यांच्या पुढे. ती प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, आणि तिथल्या वजन घटवण्याच्या अभ्यासात आपल्या नणंदेचं नाव तिनेच घातलेलं. ताईंची बेकरी होती. दिवसभर हात लोणी-साखरेत आणि पोटात उकडलेली भाजी, हे कुणाला खरं वाटणार? त्यात एकदा भावजय अवचित बेकरीत शिरली, तर ताईंच्या तोंडात क्रीमचा चमचा.

"चव बघते आणि थुंकून टाकते गं," ताई म्हणाल्या. "गोड किती झालंय ते गिऱ्हाइकाने सांगायचं का मला?"

"बरं," भावजय म्हणाली. पण ते 'बरं' असं होतं, की ताईंनी पुन्हा तो विषयच काढला नाही. भाऊ जेवताना टोमणे मारायचा आणि ताई खाली मान घालून भाजी चावायच्या.

अभ्यासात मधूनमधून, आधी न कळवता अचानक बोलावून, पोटावरच्या चरबीचा हरभऱ्याएवढा नमुना घेत. नमुन्यावर नुसता नंबर, त्यामुळे कुणाचा कोणता हे भावजयीलाही ठाऊक नसे. शेवटी ज्याचा त्याला अहवाल मिळाला. ताईंनी आपलं बंद पाकीट रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर ठेवलं.

"वाच. मोठ्याने. भाऊलाही ऐकू दे."

भावजयीने पाकीट फोडलं. "चरबीच्या पेशीत काही जनुकं नवी चरबी बनवायच्या कामावर असतात. खाणं कमी केलं की ती मंदावतात. दोन दिवस गोडावर ताव मारला, की परत कामाला लागतात."

"माझी काय करत होती?"

भावजयीचं बोट आलेखावरून खाली उतरलं आणि काटा अडला होता त्या आठवड्यांवर थांबलं. "गपगार पडून होती."

"मग वजन का अडलं?" भाऊने विचारलं.

"कमी मिळालं की शरीरही काटकसर करतं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. "ताई, चुकलं माझं."

ताईंनी कागदाची नीट घडी घातली. त्या रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"बारा वर्षं एका घरात राहतोय आपण. मी बोलले तर पटलं नाही. माझी चरबी बोलली, तर लगेच पटलं?"

भावजयीला तोंड वर करवेना. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कामावरून ती थेट बेकरीत गेली. ताई क्रीम घोटत होत्या. त्यांनी चमचा पुढे केला. तिने चाखलं, गिळलं आणि घाबरत म्हणाली, "जरा जास्त गोड झालंय."

ताईंनी स्वतः चाखून बघितलं नाही. भांड्यात आणखी साधं क्रीम ओतलं आणि पुन्हा घोटायला लागल्या.