एक्केचाळीस खुंट्या

वाकडी झालेली खुंटी सुताराने दगडाने ठोकून सरळ केली आणि अंगठ्याने दाबून पाहिली. पक्की बसली.

"एक्केचाळीसच्या एक्केचाळीस," तो म्हणाला. "एकही हललेली नाही, मॅडम."

वनखात्याची अधिकारी उतारावर चार पावलं वर उभी होती. वयाने त्याच्या मुलीएवढी. तिच्या हातात त्याच्या बायकोची वही होती. बारा वर्षं त्या वहीत या रानातल्या आमरीची मोजणी होत आली होती. आमरी म्हणजे ऑर्किड. पण ही जात झाडावर चढत नाही, जमिनीतल्या कंदातून वर येते. जिथे एकदा रोप दिसलं, तिथे नंबराची खुंटी. खुंट्या त्याने करायच्या, रानात नेऊन ठोकायच्या तिने. चार महिन्यांपूर्वी ती गेली.

"काका, यंदा नऊच आहेत."

"नऊ? या काय समोर! परत मोजा."

"या खुंट्या झाल्या. मी रोपांचं म्हणतेय." तिने वही उघडली. "हे बघा. कधी चौदा, कधी अकरा, कधी सतरा. आणि मागच्या वर्षी एकदम एक्केचाळीस. साहेब म्हणतात, ही वही घरी बसून भरलीय. वही बाद झाली, तर ही जागा राखायला दुसरा कागद नाही. खालचा रस्ता रुंद करायचा ठरलाय, तो मग इथूनच जाईल."

"घरी बसून भरणारी बाई नव्हती ती," सुतार तडकून म्हणाला आणि तिथेच थांबला.

मागच्या वर्षी ती घरीच होती. दोन पायऱ्या चढली तरी धाप लागायची. म्हणाली होती, यंदा तेवढं तुम्ही जाऊन या. तो आला होता. एकेक खुंटी हलवून पाहिली होती, दोन सैल होत्या त्या ठोकल्या होत्या. खुंटीच्या बुडाशी काय आहे ते बघायचं असतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. घरी जाऊन ऐटीत सांगितलं होतं, सगळ्या जागच्या जागी.

"सगळ्या?" तिने विचारलं होतं.

"सगळ्या. काम कुणाचंय!"

ती खोकला येईपर्यंत हसली होती. मग तिने पेन मागितलं होतं.

"मॅडम," सुतार म्हणाला, "शेण मी खाल्लंय." आणि त्याने सगळं सांगितलं.

अधिकारी बाईला हसू आलं, तिने ते दाबलं. मग तिचा चेहरा उतरला. "पण काका, हे सांगितलं तर जास्तच अडचण. न बघता आकडा लिहिला, म्हणजे आधीचेही तसेच, असं म्हणतील."

सुतार गोंधळला. बोलावं तर बायकोचं नाव खराब, न बोलावं तरी तिचंच. आणि तिला तर ठाऊक असणार. सगळी रोपं एका वर्षी कधीच वर येत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? मग लिहिलं कशाला?

"आणा इकडे."

त्याने सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला. पानाच्या कडेला 'मोजणारा' असा बारीक रकाना होता. अकरा ओळींत तिची आखूड सही. बाराव्या ओळीत अक्षर थरथरलेलं : 'मोजणी ह्यांची. मी पाहिलेलं नाही.'

अधिकारी बाईने वाकून वाचलं. "हे आम्ही बघितलंच नाही. नुसते आकडे उतरवून घेतले."

"म्हणजे वही खरी?"

"खरी. तेवढं एक वर्ष सोडून द्यायचं. साहेबांना मी सांगते."

सुतार दगडावर बसला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटेना.

"तिला कळलं होतं," तो म्हणाला. "मग मला का नाही सांगितलं? नंतर कितीतरी महिने मी सांगत फिरलो, यंदा सगळ्या आहेत म्हणून. शेजाऱ्यांना. डॉक्टरला. ती बाजूला बसून ऐकायची."

अधिकारी बाईने वहीचं नवं पान काढून तारीख घातली.

जरा वेळाने तो उठला. "दाखवा, पान कसं असतं."

तिने पहिल्या खुंटीशी दाखवलं. जमिनीला चिकटलेलं एकच गोल पान, मधून देठ, वर पांढरं फूल. दुसऱ्या खुंटीशी त्याने भलत्याच पानावर बोट ठेवलं. तिने मान हलवली, शेजारचं दाखवलं. तिसऱ्या खुंटीशी नुसती माती होती. तो गुडघे टेकून बघत राहिला.

"खाली कंद आहे की मेलाय, हे कसं कळतं?"

"उकरलं तर कळतं. पण उकरलं की जगेलच असं नाही."

"मग ती काय करायची?"

"काकू रिकामी लिहायच्या. आणि पुढच्या वर्षी परत यायच्या."

सुताराने मातीवर ठेवलेला हात उचलून घेतला.

"तीन नंबर, रिकामी," तो म्हणाला. "लिहा."